एका खिळ्यावरची पाटी

गुरुवार, १८ जानेवारी २०२४. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. वेळ नेमकी स्मरणात राहिली, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत होतो. आतल्या खोलीतून माझ्या नातीच्या श्वासाचा आवाज आला. ओल्या लाकडात करवत अडकावी, तसा. मी चावी घड्याळातच सोडली आणि आत गेलो.

नात अडीच वर्षांची होती. आदल्याच दिवशी तिला मोठ्या रुग्णालयातून घरी आणले होते. ती सुनेच्या मांडीवर ताठ बसली होती. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मुलगा वाफेचे यंत्र लावण्याच्या खटपटीत होता. मी त्याला म्हणालो, "खाली ने."

खाली म्हणजे डॉक्टरांकडे. हे लेखन त्यांच्याविषयी आहे.

डॉक्टर माझे भाडेकरू होते, मित्र नव्हते. खालापुरात कचेरीमागच्या गल्लीत माझे घर आहे. त्याच्या खालच्या दोन खोल्यांत ते राहत आणि तिथेच त्यांनी बरीच वर्षे लहान मुलांचा दवाखाना चालवला. मूळचे घाटावरचे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन इकडे आले ते का आले, हे मी विचारले नाही व त्यांनी सांगितले नाही. मी जमीन मोजणीच्या खात्यात जन्म काढला. माणसाने आपली हद्द सांभाळावी, दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये, एवढे एक तत्त्व मला त्या नोकरीने दिले. डॉक्टरांचे तत्त्वही बहुधा तेच होते. म्हणून आमचे जमले, आणि म्हणूनच जमले नाही.

त्यांच्या दारावर पाटी होती. तिच्यावर त्यांचे नाव बारीक अक्षरात आणि खाली तीन ओळी ठळक अक्षरात होत्या: येथे इंजेक्शन मागू नये. खोकल्याचे औषध मागू नये. घाई करू नये.

अशा पाटीचा जो परिणाम व्हायचा तो होई. निम्मे लोक पाटी वाचून परत जात. उरलेले आत येऊन इंजेक्शनच मागत.

"डॉक्टर, एक सुई द्या ना. लई खोकतो हो."

"कुणाला देऊ? तुला की बाळाला?"

"बाळाला."

"बाळानं मागितली का?"

मग ते समजुतीच्या स्वरात सांगत, "नाक वाहतंय ना? वाहू दे. पाणी पाज, अंगावर पाज, उबेत ठेव. श्वास जोरजोरात चालला, दूध सुटलं, तर मध्यरात्रीसुद्धा दार वाजव. पण सुईसाठी वाजवू नकोस."

तपासण्याची त्यांची रीत विचित्र होती. ते मुलाचा सदरा काढायला लावत, खुर्ची हातभर मागे सरकवत आणि नुसते पाहत बसत. ना हात, ना छाती ऐकायची नळी. फक्त मुलाचे पोट, बरगड्या, नाकपुड्या. कुंभिवलीला रस्त्याकडेला गॅरेज चालवणारा एक बाप एकदा वैतागून म्हणाला, "डॉक्टर, फोटो काढता का काय? तपासा की!"

"तपासतोच आहे. तू इंजिन उघडण्याआधी आवाज ऐकतोस की नाही?"

"ऐकतो."

"मग त्या वेळी गिऱ्हाईक बडबडलं तर काय करतोस?"

"शिव्या घालतो."

"मी घालत नाही. गप्प बस."

पाहणे संपले की ते नळी आपल्या काखेत धरून गरम करत. आणि त्याही आधी मुलाचे डोके हुंगत. होय, हुंगत. टाळूवर नाक टेकवून खोल श्वास घेत आणि आईकडे वळून सांगत, "चुलीपाशी निजवतेस याला." किंवा, "डास पळवायची उदबत्ती रात्रभर जळते तुझ्याकडे. बंद कर." बाया चकित होत. दवाखान्याची झाडलोट करायला डोंगरालगतच्या ठाकूरवाडीतून एक बाई येई. ती मला म्हणाली होती, "आमच्या वाडीत म्हणतात, या डॉक्टराच्या अंगात कुत्रा हाय."

डॉक्टरांनी ते आतून ऐकले. "चावत नाही म्हणावं," एवढेच म्हणाले.

आमचा वाद पाटीवरून झाला. एका वादळात पाटीचा एक खिळा निसटला आणि ती दुसऱ्या खिळ्यावर तिरपी लोंबू लागली. डॉक्टरांनी निरोप पाठवला की, भिंत घरमालकाची असल्यामुळे खिळा घरमालकाने ठोकावा. मी उलट निरोप पाठवला की, पाटी भाडेकरूची असल्यामुळे खिळाही भाडेकरूचाच. निरोप्याचे काम त्या ठाकूरवाडीच्या बाईकडे होते. काही दिवसांनी ती जिन्याच्या मध्यावर उभी राहून दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमी दोगं म्हातारं एका खिळ्यापायी भांडता! मी आणू का खिळा?"

"नको," मी वरून म्हणालो.

"नको," डॉक्टर खालून म्हणाले.

पाटी तिरपीच राहिली. येणारे लोक मान वाकडी करून वाचत. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली.

थंडीत दवाखाना भरून वाहत असे. खोकणारी, शेंबडी, डोळे पाणावलेली मुले आणि त्यांच्याहून अधिक घाबरलेले पालक. त्या महामारीनंतर लोकांचा खोकल्यावरचा विश्वासच उडाला होता. शिंक आली की माणसे मागे सरत. अशातच आमच्या घरी सर्दी शिरली. आधी मुलाला, मग सुनेला, मग नातीला. शनिवारी रात्री नातीला ताप भरला व खोकला वाढला. रविवारी मुलाने तिला पनवेलकडच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. खाली डॉक्टर असताना इतके लांब कशाला, असे मी विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते. डॉक्टरांकडे यंत्र नव्हते आणि मुलाचा यंत्रावर विश्वास होता.

तिथे तिला तीन दिवस ठेवले. छातीचा फोटो काढला, त्यात काही निघाले नाही. नाकातला स्राव तपासायला पाठवला. अहवाल आला, त्यात एका ओळीपुढे होकार होता. ती ओळ कोरोना विषाणूची होती. महामारीचा नव्हे, साधी सर्दी आणणाऱ्या नेहमीच्या चारांपैकी एकाचा. तिथल्या डॉक्टरांनी तसे नीट समजावलेही होते. परंतु बुधवारी मुलगी घरी आली तोवर शब्द गल्लीत पोहोचला होता. रोज ताक आत आणून देणाऱ्या शेजारणीने भांडे दाराबाहेर ठेवले आणि ती लांबूनच निघून गेली.

त्या संध्याकाळी मुलगा कागद घेऊन दवाखान्याच्या पायरीवर गेला. मी वरच्या गॅलरीत होतो. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला आणि मोठ्याने, मुद्दाम शेजारणीला ऐकू जाईल असे सांगितले, "ही चार भावंडं आहेत. दर थंडीला येतात. माझ्या लहानपणी होती, तुझ्या बापाच्या लहानपणी होती. तेव्हा कुणी नाव विचारत नव्हतं, सर्दी म्हणत. बहुतेक पोरांना वर्षा-दोन वर्षांत एकदा तरी भेटून जातात. त्या मोठ्या साथीशी याचा संबंध नाही."

"म्हणजे काळजी नाय?"

"या कागदात नाही."

शेजारीण दारात आली होती. भांडे आत आले. घरात चार दिवसांनी लोक पोटभर जेवले.

आणि गुरुवारी सकाळी ती करवत सुरू झाली.

डॉक्टरांचे दार उघडेच होते. ते बंडीवर, हातात चहाचा कप, असे उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला. सुनेने मुलीला मांडीवर घेतले. त्यांनी स्वेटर काढायला लावला, खुर्ची मागे सरकवली आणि पाहू लागले.

मुलगा म्हणाला, "डॉक्टर, बघत काय बसलाय? वाफ द्या तिला."

त्यांचे पाहणे चालूच राहिले. मग त्यांनी नळी काखेत धरली आणि टाळूवर नाक टेकवले. तिथून नाक काढून बाजूला पडलेला स्वेटर उचलला आणि तो हुंगला. पुन्हा हुंगला. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. मोजणी करताना हद्दीचे दोन दगड जुळत नाहीत हे लक्षात आले की आमच्या जुन्या साहेबांचा चेहरा असाच होई.

"पोपटी लावली होती का?" त्यांनी विचारले.

सून गोंधळली. "हो. शनिवारी. माझ्या माहेरी, शेतावर."

तिचे माहेर माथेरानच्या पायथ्याच्या एका गावी, कर्जतकडे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की या भागात घरोघर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, अंडी, मीठ, ओवा. मडके शेतात उपडे घालून भोवती जाळ करतात. मग सगळे गोल बसून पानावर ओततात आणि हाताने सोलून खातात. त्या पाल्याचा उग्र वास लोकरीतून आठवडाभर जात नाही.

"तिथं ही खोकली होती?"

"एकदम ठसका लागला होता. डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही म्हटलं, धूर लागला. पाणी पाजलं, मग थांबली. रात्री ताप आला."

"रुग्णालयात हे सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, काय खाल्लं होतं. मी म्हटलं, वरणभात." सुनेचा आवाज चिरकला. "पोपटी म्हणजे काय जेवण आहे का, डॉक्टर?"

हेच खरे होते. पोपटी आमच्याकडे जेवणात धरत नाहीत. ती शेतातली गंमत असते. त्या रुग्णालयाला मी दोष देत नाही. न सांगितलेले त्यांना कळणार कसे?

डॉक्टर नळी लावून एका बाजूला ऐकत होते, मग दुसऱ्या बाजूला. परत पहिली. बराच वेळ. मग म्हणाले, "हिच्या उजव्या फुप्फुसात हवा नीट जात नाही. वाटेत काहीतरी अडकलं आहे. वालाचा दाणा असावा; तो छातीच्या फोटोत दिसत नाही. आता पाच दिवसांत भिजून फुगला आहे. दुर्बिणीनं काढावा लागेल. आज. लगेच."

मुलगा उसळला. "काल तर तुमीच म्हणालात ना, साधी सर्दी! रिपोर्ट हाय हातात. विषाणू सापडलाय."

"काल मी कागद पाहिला होता. आज मूल पाहतो आहे."

"मग रिपोर्ट खोटा काय?"

"खरा आहे. पाहुणा घरात होता, हे खरं. पण भांडं त्यानंच फोडलं कशावरून? या दिवसांत गल्लीतल्या धडधाकट पोरांची नाकं तपासलीस तरी कुणाच्या ना कुणाच्या नाकात तो सापडेल. सर्दी त्याची असेल, तापही त्याचा असेल. छातीत उतरला तर लहान पोराला दमवतोही. पण तो उतरला की दोन्हीकडे उतरतो. विषाणूला डावं-उजवं कळत नाही, बाबा. दाण्याला कळतं."

"मी तिला परत पनवेललाच नेतो. तिथं वाफ देतील."

"वाफेनं दाणा निघत नाही. दुर्बीण असलेल्या ठिकाणीच न्यायला हवं."

"तुमाला खात्री हाय?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "उघडून पाहिल्याशिवाय कुणालाच नसते."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मुलीचे ओठ पांढुरके दिसत होते. डॉक्टर उठले, त्यांनी मुलाचा दंड धरला आणि त्याला मुलीच्या पाठीशी गुडघ्यावर बसवले. नळी दिली नाही. उघड्या पाठीवर त्याचा कानच टेकवला. प्रथम डावीकडे.

"काय ऐकू येतं?"

"वारा."

मग उजवीकडे.

मुलगा ऐकत राहिला. त्याने कान थोडा वर सरकवला, थोडा खाली. शेवटी उठला. तो रुग्णवाहिका बोलवायला बाहेर धावला.

सून रडू लागली. "कुणी दिला असेल हो दाणा? माझ्या भावानं, की मीच..."

"ते मला नको," डॉक्टर एकदम कठोर आवाजात म्हणाले. "कुणाच्या हातानं गेला, ते छातीला कळत नाही. रडू नकोस. तू रडलीस की ती रडेल, आणि ती रडली की दाणा हलेल. आता ज्या वाटेत आहे तिथून सुटून मोठ्या श्वासनळीत आला, तर दोन्ही बाजू बंद. समजलं? आडवी करायची नाही. पाणी नाही, घास नाही. पाठीवर थापटायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही. अशीच बसवून न्यायची. आणि हसत राहा."

सून हसली. तसले हसू मी पुन्हा पाहू इच्छित नाही.

सरकारी रुग्णवाहिका आली. डॉक्टरांनी बंडीवर सदरा चढवला, नवी मुंबईतल्या मुलांच्या रुग्णालयात आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला आणि न विचारता आत बसले. दवाखान्यात चार बाया मुले घेऊन आल्या होत्या. त्यांना ते म्हणाले, "ज्याला थांबवेल त्यानं थांबा." मी चालकाशेजारी बसलो. मागचे दिसण्यापुरती काच होती.

चालकाने विचारले, "डॉक्टर, सायरन लावू?"

"नको. पोरगी दचकेल. दिवा लाव, भोंगा नको."

"दिव्यानं कोन बाजूला होतंय हल्ली!"

"मग तू हात बाहेर काढून ओरड. पण हळू ओरड."

"हळू ओरडू कसं?"

"ते तू पाहा."

मुलगी प्राणवायूचा मुखवटा तोंडाजवळ येऊ देईना. तिने ओठ काढले. आता रडणार, हे मला काचेतून दिसले. तेव्हा डॉक्टरांनी आपली नळी काढली, तिची दोन टोके तिच्या कानांत घातली आणि तिसरे आपल्या सदऱ्याची गुंडी सोडून छातीवर टेकवले. मुलीचे ओठ तसेच राहिले. तिने मान कलती केली. ऐकू लागली. मुखवटा मुलाने हळूच पुढे आणला, तिने येऊ दिला.

टोलनाक्यावर एक कंटेनर रुग्णवाहिकेच्याच वाटेत आडवा घुसला होता. चालक खाली उतरला आणि हात जोडून, दबक्या आवाजात, मी आयुष्यात ऐकल्या नाहीत अशा शिव्या देऊ लागला. त्याच वेळी मागची करवत थांबली.

मी वळून पाहिले. मुलगी खोकत नव्हती. तोंड उघडे होते, डोळे मोठे झाले होते. मुलाने तिला उलटे धरायला हात पुढे केले. डॉक्टरांनी एका हाताने त्याला अडवले. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी तिच्या पाठीमागे उचलून धरला होता, मारण्याच्या तयारीत. पण मारला नाही. ते पाहत होते. तिचे पोट, बरगड्या, नाकपुड्या. दवाखान्यात खुर्ची मागे सरकवून पाहत, तसेच. मला त्यांचा तो हात हाणून पाडावासा वाटला.

मग एक बारीक खोकला आला. मग आणखी एक. आणि करवत पुन्हा सुरू झाली. तो आवाज सकाळी मला नकोसा झाला होता.

डॉक्टरांनी हात खाली घेतला. "हवा चालू आहे तोवर हात लावायचा नाही," ते मुलाला म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा होता. मुलीने नळीचे टोक पुन्हा त्यांच्या छातीवर टेकवले.

साऱ्या रस्त्याने ती मुलगी डॉक्टरांचे हृदय ऐकत गेली.

रुग्णालयाच्या दारातच चाकांची खाट तयार होती. तिला आत नेले. आम्ही बाकावर बसलो. डॉक्टर बसले नाहीत. ते त्या बंद दाराकडे तोंड करून उभे राहिले. सून एकदा म्हणाली, "बसा ना, डॉक्टर." ते म्हणाले, "चुकलो असेन तर उभ्यानं ऐकलेलं बरं."

त्यांचा विद्यार्थी, आता पन्नाशीचा, टोपी काढत बाहेर आला. त्याच्या हातात स्टीलची लहान वाटी होती. "सर, निघाला. मुलगी ठीक आहे."

वाटीत कापसावर वालाचा दाणा होता. साल सुटलेला, फुगून पांढरा पडलेला, दोन तुकड्यांत. डॉक्टरांनी वाटी हातात घेतली आणि सर्वांदेखत नाक खाली नेऊन हुंगली.

"भांबुर्डा," ते म्हणाले.

विद्यार्थी हसला. "सर, तुम्ही अजून हुंगता?"

"तू हुंगत नाहीस. म्हणून तुला एवढी मोठी दुर्बीण लागते."

मुलगा पुढे झाला आणि त्यांच्या पायाशी वाकला. डॉक्टर मागे सरले. "पायात काय आहे? पोरीपाशी जा. आणि त्या विषाणूची सर्दी अजून आहे तिला, नाक पुसत राहा."

मुलगा व सून तिथेच राहिले. आम्ही दोघे एसटीने परतलो. एकाच बाकावर बसलो. पनवेल सोडल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुमचा मुलगा चांगला ऐकतो."

"आजच ऐकले," मी म्हणालो.

खालापूर येईपर्यंत एवढेच बोलणे झाले. आभाराचे शब्द मी जुळवत होतो. ते जुळले नाहीत. डॉक्टर पुढे दोन वर्षे खालच्या खोल्यांत होते, तरीही जुळले नाहीत. मग ते घाटावर बहिणीकडे गेले आणि तिथेच वारले. खोल्या मी दुसऱ्या कुणाला दिल्या नाहीत. पाटी काढलेली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही गल्लीत वळलो, तेव्हा चारांपैकी तीन बाया पायरीवर बसून होत्या. ठाकूरवाडीच्या बाईने त्यांना चहा दिला होता. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पहिल्या बाईला आत पाठवले. डॉक्टरांनी हात धुतले, पहिल्या मुलाचा सदरा काढायला लावला आणि खुर्ची मागे सरकवली.

मी वर गेलो. सकाळी अर्धवट सोडलेली चावी पुरी दिली. मग हत्यारांच्या डब्यातून हातोडी काढली, दोन इंची एक खिळा निवडला आणि खाली आलो. पाटी उचलून सरळ धरली. खिळा भिंतीला लावला, हातोडी उचलली.

"थांबा!" डॉक्टर आतून खेकसले. "छाती ऐकतो आहे."

मी थांबलो. एका हाताने पाटी आणि खिळा धरलेला, दुसऱ्या हातात हातोडी वर. पायरीवरच्या दोघी बाया माझ्याकडे पाहत होत्या. आत मूल श्वास घेत होते. मीही ऐकू लागलो. दोन्ही बाजूंचे मला कुठून कळणार, पण आवाज मोकळा होता.

"हं," आतून आवाज आला. "ठोका आता."

मी दुसरा खिळा ठोकला.